पगार नाही, बॉस नाही, तरी जाहिरात होते ती कशी

२०२५ च्या सुरुवातीला डेबियन या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पब्लिसिटी टीमने एक छोटीशी घोषणा केली, की आम्ही यापुढे एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, काही टाकणार नाही, ती जागा आता डेबियनच्या मूल्यांशी जुळत नाही असं आम्हाला वाटतं. संपलं. एक्स चांगलं का वाईट यावर वाद घालायला मी हे लिहीत नाहीये. मला भारी वाटलं ते वेगळंच. हा निर्णय घेतला कोणी? डेबियनला एक प्रमुख असतो, प्रोजेक्ट लीडर म्हणतात, दरवर्षी डेव्हलपर लोक मत देऊन निवडतात. त्याने नाही घेतला. टीमने घेतला. आणि समजा त्या प्रमुखाला तो अजिबात पटला नसता, रात्रभर झोप लागली नसती त्याला, तरी तो एकटा तो निर्णय फिरवू शकला नसता, तसं नियमातच लिहून ठेवलंय.

आपल्याकडे कुठल्याही ऑफिसात हे सांगून बघा. मार्केटिंगच्या टीमने कंपनीचं अकाउंट बंद केलं आणि साहेबांना विचारलंही नाही, आणि साहेब काही करूही शकत नाहीत! लोक हसतील. पण जिथे सगळे फुकट काम करतात तिथे हेच सगळ्यात शहाणपणाचं आहे, ते का, हे जरा सावकाश सांगतो.

आधी थोडी ओळख. डेबियन ही लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, १९९३ पासून चालू आहे, उबुंटू वगैरे तिच्यावरच उभ्या आहेत. मागे कंपनी नाही. जगभरातले हजारेक अधिकृत डेव्हलपर आणि त्यांच्याभोवती मदत करणारे बाकी लोक, असा कारभार. आता सॉफ्टवेअर बनवलं की ते लोकांपर्यंत पोचवायला पण लागतं ना. नवीन व्हर्जन आलं की घोषणा लिहायची, ती वेगवेगळ्या भाषांत करून घ्यायची, सोशल मीडिया सांभाळायचा, पत्रकाराने काही विचारलं तर उत्तर द्यायचं, कुठे कॉन्फरन्स असेल तर तिथे टेबल मांडून स्टिकर वाटायचे, कॉलेजात जाऊन बोलायचं, वेबसाइटवरचा मजकूर लोकांना कळेल असा करायचा. हे सगळं म्हणजे मार्केटिंग, फक्त ओपन सोर्सवाल्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवणाऱ्या, बऱ्याच लोकांना तो शब्द आवडत नाही म्हणून कोणी पब्लिसिटी म्हणतं, कोणी प्रमोशन, कोणी आउटरीच. आणि यातलं बहुतेक काम करणारी माणसं दिवसा कुठेतरी नोकरी करतात किंवा शिकतात, आणि रात्री जेवण झाल्यावर हे करतात.

आता पगार नाही म्हणजे हुकूमही नाही. डेबियनच्या घटनेत, हो, त्यांची लेखी घटना आहे, १९९८ पासून, त्यात अगदी सुरुवातीलाच म्हटलंय की या घटनेमुळे कोणावरही प्रोजेक्टसाठी काम करायची सक्ती येत नाही, एखाद्याला सोपवलेलं काम करायचं नसेल तर त्याने करू नये, फक्त ठरलेल्या नियमांच्या आणि रीतसर घेतलेल्या निर्णयांच्या विरोधात मुद्दाम काही करू नये. वाचायला साधं वाटतं पण नीट बघा, 'मी नाही करणार' हा हक्क आहे, आणि 'मी करतही नाही आणि दुसऱ्यालाही करू देत नाही' हा नाहीये. स्वयंसेवकांबरोबर काम केलेल्या कोणालाही कळेल की खरा त्रास दुसऱ्या प्रकाराचाच असतो.

तुम्ही म्हणाल यात नवीन काय, आपली गणपती मंडळं अशीच चालतात की. चालतात, पण मंडळातली पोरं रोज संध्याकाळी एका कोपऱ्यावर भेटतात, कोण रुसलंय, कोणाची परीक्षा आहे, कोणी वर्गणीचं पुस्तक घरी ठेवलंय हे न सांगता कळतं. इथे एक माणूस ब्राझीलला, एक केरळात, एक जर्मनीत, आणि यांनी एकमेकांचा चेहरा वर्षातून एकदा कॉन्फरन्समध्ये बघितला तर बघितला. त्यामुळे जे मंडळात नजरेने ठरतं ते इथे लिहून ठेवावं लागतं. लिहिलं नाही तर दोन गोष्टी होतात, एक तर तीच पोस्ट तिघं टाकतात, किंवा मग कोणीच टाकत नाही कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा टाकेल.

बरं, मग लिहायचं काय? इथे बहुतेक लोक घसरतात. ते कामांची यादी लिहितात. पोस्टर कर, ट्वीट टाक, व्हिडिओ एडिट कर, आणि प्रत्येक गोष्ट झाली की मला दाखव, मी हो म्हणालो की टाक. याला जबाबदारी देणं म्हणत नाहीत, याला हात उसने घेणं म्हणतात. डोकं अजून तुमचंच चालतंय आणि तुम्ही झोपलेले असताना सगळं अडकून पडतंय. पगारी माणूस असं काम करतो कारण एक तारखेला पैसे येतात. फुकट काम करणारा दोन महिने करेल, मग त्याला काहीतरी दुसरं सापडेल, आणि तो तुम्हाला सांगणारही नाही, नुसता ऑनलाइन दिसायचा बंद होईल.

काम देणं आणि निर्णय देणं यात फरक आहे. 'रिलीजच्या दिवशी ही पोस्ट टाक' हे काम झालं. 'रिलीजच्या आठवड्यात सोशल मीडियावर काय, कधी, कुठल्या फोटोसकट जाईल हे तू ठरव' हा निर्णय दिला. दुसऱ्यात भीती वाटते, मान्य. पण माणूस टिकतो तो दुसऱ्यामुळे, कारण त्याला रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडायला काहीतरी स्वतःचं असावं लागतं.

डेबियनच्या घटनेत प्रमुखाला अधिकार आहे की एखादं क्षेत्र किंवा एखादा ठराविक निर्णय तो दुसऱ्याच्या हवाली करू शकतो. ज्याला दिलं तो डेलिगेट. पब्लिसिटी टीममध्ये असे डेलिगेट आहेत, त्यांना कशाकशाचा अधिकार आहे हे नाव घेऊन सगळ्यांसमोर जाहीर केलेलं असतं. आणि आता गंमत बघा. प्रमुख डेलिगेटला काढू शकतो, बदलू शकतो, त्याची मर्जी. पण डेलिगेटने एकदा निर्णय घेतला की तो प्रमुख उलटवू शकत नाही. शिवाय 'तू अमुक निर्णय घेशील तरच तुला या पदावर ठेवीन' अशी अटही घालता येत नाही. सगळ्या डेव्हलपरांनी मिळून मतदान करून तो निर्णय फिरवता येतो, ती वाट उघडी आहे, पण ती लांबची आणि कटकटीची वाट आहे, उगाच कोणी जात नाही.

असं का केलं असेल? विचार करा, प्रमुख जर प्रत्येक निर्णय उलटवू शकत असेल तर डेलिगेट काय करेल, निर्णय घ्यायच्या आधी दर वेळी विचारेल. मग सोपवलं काय? काहीच नाही, फक्त एक पायरी वाढली. उलट इथे प्रमुखाला नेमणूक करायच्या आधीच डोकं लावावं लागतं की हा माणूस कसा आहे, याला मी किती मोकळं सोडायला तयार आहे. एकदा सोडलं की सोडलं. आणि नाहीच जमलं तर माणूस बदला, पण त्याने केलेलं काम मागे जाऊन खोडू नका. रागाच्या भरात माणसं नेमकं उलटं करतात, माणूस तसाच ठेवतात, कारण काढायला जीभ रेटत नाही, आणि त्याचा प्रत्येक निर्णय गुपचूप दुरुस्त करत बसतात.

मार्केटिंगमध्ये हे जास्त लागतं, कोडपेक्षा जास्त. कारण कोडमध्ये काय होतं, तुम्हाला ती फाइल कळत नसेल तर तुम्ही गप्प बसता. टेस्ट चालते किंवा फुटते, वाद तिथेच मिटतो. पोस्टरचा रंग मात्र सगळ्यांना कळतो, टॅगलाइनवर सगळ्यांना मत असतं, आणि ती बरोबर की चूक हे सांगणारी टेस्टच नाही. पण खरं सांगायचं तर कोडवालेही यातून सुटलेले नाहीत. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या दुसऱ्या एका फुकट ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रोजेक्टमध्ये sleep नावाच्या एका फुटकळ कमांडला, अर्धा सेकंद थांब, पाव सेकंद थांब असं सांगता यावं का, यावर असा काही वाद पेटला की पॉल-हेनिंग काम्प या डेव्हलपरने वैतागून एक लांबलचक मेल लिहिला, की अवघड गोष्टीवर कोणी बोलत नाही कारण ती कळत नाही आणि सोप्या गोष्टीवर मात्र प्रत्येकाला आपलं बोट लावायचं असतं. तो मेल आजही लोक एकमेकांना पाठवतात. मार्केटिंगमध्ये तर जवळपास सगळंच 'सोपं' दिसतं, म्हणजे तिथे काय होत असेल कल्पना करा.

यावर अपाचेवाल्यांची, म्हणजे बरीच ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाचे संस्थेची, एक पद्धत मला आवडते. तुम्ही म्हणता, मी असं असं करणार आहे, कोणाला अडचण असेल तर बोला, आणि थांबता. साधारण बहात्तर तास. कोणी काही बोललं नाही तर ती संमती धरायची आणि पुढे जायचं. बहात्तर तास अशासाठी की जगात कुठेही असलेला माणूस, त्याचा शनिवार रविवार मध्ये आला तरी, एकदा तरी इनबॉक्स उघडेल. यात ओझं उलटं फिरतं, म्हणजे परवानगी मिळवायचं ओझं काम करणाऱ्यावर राहत नाही, आक्षेप घ्यायचं ओझं बघणाऱ्यावर येतं. आणि आक्षेप घेणाऱ्याला कारणही द्यावं लागतं, नुसतं 'मला नाही आवडलं' चालत नाही.

आता थोडं मोठं उदाहरण. २००४ सालचा फायरफॉक्स, इंटरनेट बघायचा ब्राउझर. तेव्हा मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर सोडून दुसरं काही असतं हेच लोकांना माहीत नव्हतं. फायरफॉक्स बनवणारी मोझिला फाउंडेशन स्थापन होऊन जेमतेम वर्ष झालेलं, हाताशी मोजकी माणसं, जाहिरातीला पैसे कुठून आणणार. मग त्यांनी स्प्रेड फायरफॉक्स नावाची मोहीम काढली, ब्लेक रॉस आणि एसा डॉट्झलर ही त्यातली पुढची नावं. सामान्य वापरणाऱ्याने आपल्या वेबसाइटवर फायरफॉक्सचं बटण लावायचं, मित्राला इन्स्टॉल करून द्यायचं, एवढंच. आणि मग रॉब डेव्हिस नावाचा एक स्वयंसेवक आला, त्याने म्हटलं आपण न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात देऊ, पैसे लोकांकडून गोळा करू, आणि ज्यांनी दिले त्या सगळ्यांची नावं जाहिरातीत छापू.

कोणत्याही कंपनीत या माणसाला चहा पाजून घरी पाठवला असता. इथे त्याच्याच हातात दिलं. दहा दिवसांत दहा हजारांच्या आसपास लोकांनी मिळून अडीच लाख डॉलर जमवले, आणि १६ डिसेंबर २००४ ला दोन पानी जाहिरात छापून आली, त्यात ती हजारो नावं मुंगीएवढ्या अक्षरात. फायरफॉक्स १.० मात्र ९ नोव्हेंबरलाच आलं होतं, म्हणजे जाहिरात आली ती पाच आठवड्यांनी. पगारी एजन्सी असती तर हे अंतर बघून कोणाची तरी नोकरी गेली असती. इथे कोणाला फरक पडला नाही, आणि माझ्या मते हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, की स्वयंसेवकांच्या कामात तारीख थोडी पुढेमागे होणार हे आधीच धरून चला आणि ज्या गोष्टीची तारीख अजिबात हलू शकत नाही ती फार कमी ठेवा. त्याच डिसेंबरात जर्मनीतल्या फायरफॉक्सवाल्यांनीही पैसे जमवून तिथल्या एका मोठ्या दैनिकात स्वतःची पानभर जाहिरात दिली, कल्पना एकीकडची आणि अंमलबजावणी तिकडच्यांची.

या गोष्टीत दोन वेगळे थर आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात. दहा हजार लोकांना दिलेलं काम एवढुसं होतं, पैसे द्या, नाव द्या, बटण लावा. त्यासाठी कोणालाही विचारायची गरज नाही, ट्रेनिंग नाही, मीटिंग नाही, सोडून गेलात तरी काही बिघडत नाही. याला म्हणतात समन्वय, आणि तो जितका सोपा तितका चांगला. पण जाहिरात कशी दिसेल, पैशाचा हिशोब कसा राहील, पेपरवाल्यांशी कोण बोलेल, ही जबाबदारी हजार जणांत वाटता येत नाही, ती नाव घेऊन एकादोघांच्याच हवाली करावी लागते. मी बघतो ते असं की नवे प्रोजेक्ट बरोबर उलट करतात. जे हजारांना मोकळं द्यायला हवं, म्हणजे लोगोच्या फाइल, स्टिकरचं डिझाइन, तयार स्लाइड, ते कुठेतरी एकाच्या ड्राइव्हमध्ये कुलूपबंद असतं आणि दर वेळी मागावं लागतं, आणि जी एकाची जबाबदारी असायला हवी तिच्यासाठी 'आपण सगळे मिळून बघू' असा ग्रुप काढतात, त्यात ऐंशी लोक आणि नव्वद गुड मॉर्निंग.

२००८ मध्ये फायरफॉक्स ३ च्या वेळी मोझिलाने तारीख असलेली मोहीमही करून दाखवली, १७ जूनला, चोवीस तासांत सगळ्यात जास्त डाउनलोडचा गिनेस रेकॉर्ड, ८०,०२,५३० डाउनलोड. त्या दिवशी सुरुवातीलाच सर्व्हर गर्दीने बसले होते, हा भाग वेगळा. पण बघा, स्वयंसेवकांना मागितलं काय, तर त्या दिवशी डाउनलोड करा आणि आधी आपल्या ओळखीच्यांना सांगून ठेवा. कळायला दहा सेकंद.

आता प्रोजेक्ट वाढला, देशोदेशी माणसं झाली, की मधला थर लागतो, आणि तिथे येतो पैसा. इथून पुढे प्रकरण जरा किचकट होतं.

मोझिलाने २०११ मध्ये मोझिला रेप्स (रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे प्रतिनिधी) सुरू केलं, म्हणजे त्या त्या गावात मोझिलाच्या वतीने कार्यक्रम करणारे स्वयंसेवक. प्रत्येक प्रतिनिधीला एक मेंटॉर, तोही स्वयंसेवकच, आणि वर एक काउन्सिल. तुम्हाला कार्यक्रमाला पैसे हवे असतील, टीशर्ट स्टिकर हवे असतील, तर अर्ज करायचा, मेंटॉर बघायचा, मग काउन्सिल मंजूर करायचं. फेडोरा या दुसऱ्या एका लिनक्स सिस्टीमचंही तसंच होतं, तिथे अँबॅसेडर, आणि त्यांच्यावर निवडून आलेली एक कमिटी.

मेंटॉरचा उपयोग काय, तर पैसे अडवणं हा अजिबात नाही. समजा नाशिकच्या एका पोराने कार्यक्रमाला रक्कम मागितली, तर अमेरिकेत बसलेल्याला कळणार नाही की हॉल कॉलेजचा फुकट मिळेल का, नाश्त्याला किती लागतात, शंभर पोरं म्हणतोय तर खरंच किती येतील. शेजारच्या गावातल्या मेंटॉरला हे पाच मिनिटांत कळतं. म्हणजे निर्णय तिथे घ्यायचा जिथे माहिती आहे. हे वाक्य सगळे तोंडाने म्हणतात, पण पैशाच्या बाबतीत करायला फार थोडे तयार होतात.

पुण्यात हे जवळून बघायला मिळालं आहे बऱ्याच जणांना. नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपी इंजिनीअरिंग कॉलेजात फुडकॉन झालं, फेडोरावाल्यांची परिषद, आणि पुन्हा जून २०१५ मध्येही पुण्यातच. फेडोराच्या मागे उभ्या असलेल्या रेड हॅट कंपनीचं ऑफिस पुण्यात असल्याने काही माणसं नोकरीतूनच त्यात होती, ते खरं, पण रजिस्ट्रेशनचं टेबल, हॉलमधले माइक, बाहेरून आलेल्यांना स्टेशनवरून आणणं, हे उभं राहून करणारी गर्दी स्वयंसेवकांची. सिम्बायोसिसच्या एसआयसीएसआर कॉलेजात वर्षानुवर्षं होत आलेली ग्नूनिफाय ही ओपन सोर्सची परिषद तर विद्यार्थीच चालवायचे, म्हणजे दर दोन वर्षांनी अख्खी टीम पास होऊन निघून जाणार हे आधीच ठरलेलं. अशा ठिकाणी ज्युनियरला नुसतं सोबत धावायला ठेवणं परवडत नाही, त्याला पहिल्याच वर्षी एखादी खोली, एखादा ट्रॅक पूर्ण देऊन टाकावा लागतो, नाहीतर पुढच्या वर्षी स्पीकरला मेल कोणी करायचा हेच कोणाला माहीत नसतं.

आणि आपल्याकडचा एक खास प्रॉब्लेम, जो परदेशात बसून नियम करणाऱ्यांना लवकर कळत नाही. 'आधी खर्च करा, बिल द्या, मग परत देऊ' ही पद्धत पगारदार माणसाला ठीक आहे. हॉस्टेलवरच्या पोराने आठ हजार रुपये खिशातून घालून दोन महिने वाट बघायची, हे होत नाही. मग काय होतं, तर ज्याच्या घरी पैसा आहे तोच कार्यक्रम करतो आणि कागदावर मात्र संधी सगळ्यांना असते. शिवाय बाहेरून टीशर्टचं पार्सल आलं की त्यावर कस्टम ड्युटी भरा, तीही त्या पोरानेच. म्हणून टीशर्ट तिकडून पाठवण्यापेक्षा डिझाइनची फाइल पाठवा आणि इथे छापायला पैसे द्या, तिरुपूरचे टीशर्ट जगभर जातात आणि आपण ते पार्सलने परत मागवतो, काय बोलायचं!

बरं, सगळं चांगलंच होतं असंही नाही. २०२० च्या जुलैमध्ये लिबरऑफिसचं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिससारख्या फुकट सॉफ्टवेअरचं, काय झालं ते बघा. द डॉक्युमेंट फाउंडेशन, जी संस्था लिबरऑफिस सांभाळते, तिथे पुढच्या पाच वर्षांच्या मार्केटिंग प्लॅनवर चर्चा चालू होती. मूळ अडचण खरी होती, मोठमोठ्या कंपन्या हजारो कॉम्प्युटरवर फुकटचं लिबरऑफिस टाकायच्या आणि ज्या कंपन्या पगार देऊन ते सॉफ्टवेअर लिहून घेतात त्यांच्याकडून सपोर्ट मात्र विकत घ्यायच्या नाहीत. म्हणून एक कल्पना अशी होती की फुकटच्या व्हर्जनला 'पर्सनल एडिशन' असं लेबल लावायचं, म्हणजे कंपन्यांना कळेल की आपल्यासाठी वेगळी सोय आहे. कल्पना चर्चेतच होती, पण लेबल ७.० च्या चाचणीच्या व्हर्जनमध्ये जाऊन बसलं. लोकांनी इन्स्टॉल केलं आणि स्क्रीनवर 'पर्सनल एडिशन' बघितलं. झालं. आता लिबरऑफिसला पैसे पडणार का, शाळेत वापरायचं का नाही, असे प्रश्न सुरू. फाउंडेशनच्या बोर्डाला निवेदन काढून सांगावं लागलं की लायसन्स बदलत नाहीये, सगळं मोकळंच राहणार आहे, हे अजून ठरलेलं नाही. ऑगस्टमध्ये ७.० आलं ते त्या लेबलाशिवाय. पुढे २०२१ मध्ये ७.१ पासून 'कम्युनिटी' असं लेबल आलं आणि ते बऱ्यापैकी पचलं.

माझं मत विचाराल तर शब्द वाईट होता हा दुय्यम मुद्दा. जगभरातल्या ज्या स्वयंसेवकांना दुसऱ्या दिवशी आपापल्या भाषेत, आपल्या शाळेला, आपल्या तहसील ऑफिसातल्या ओळखीच्या माणसाला हे लेबल समजावून सांगायचं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांना ते वापरणाऱ्यांबरोबरच कळलं. जबाबदारी दिलेल्या माणसाला बातमी बाहेरच्याच्या आधी कळायला हवी, एवढी साधी गोष्ट. अँबॅसेडर म्हणून टेबलावर बसवायचं आणि त्याला गिऱ्हाइकाकडून कळणार की आपल्या मालाचं नाव बदललं, याच्यासारखा अपमान नाही. आणि फुकट काम करणाऱ्याकडे मानाशिवाय दुसरं असतं काय.

आता तुम्ही लहानसा प्रोजेक्ट चालवताय असं समजा, मराठी कीबोर्डचं एखादं अॅप, चार डेव्हलपर, सात आठ मदत करणारे. त्यातली एक मुलगी म्हणाली मी इन्स्टाग्राम बघते. तुम्ही काय लिहाल? 'वा मस्त, कर तू' असं लिहाल, आणि तीन आठवड्यांनी तिने टाकलेल्या रीलवर तुम्हीच नाराज व्हाल. त्यापेक्षा असं काहीतरी लिहा, आणि खाजगीत नको, ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत:

'डिसेंबर अखेरपर्यंत इन्स्टाग्राम अकाउंट मेघनाकडे. काय टाकायचं, कधी टाकायचं, भाषा कशी ठेवायची हे ती ठरवेल, कोणाला विचारायची गरज नाही. दोन गोष्टी फक्त आधी इथे विचारायच्या, नव्या फीचरची तारीख जाहीर करायची असेल तेव्हा, आणि दुसऱ्या कुठल्या अॅपशी तुलना करायची असेल तेव्हा. महिन्याला हजार रुपयांपर्यंत खर्च तिने करावा, पैसे आगाऊ दिलेत, बिलाचा फोटो शीटमध्ये टाकायचा. पासवर्ड दोघांकडे राहील, मेघना आणि सुहास. सुहास पोस्ट टाकणार नाही, फक्त अडचण आली तर आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा विचारू, नको असेल तर नाही म्हणायला मोकळी आहे.'

सात वाक्यं आहेत, लिहायला दहा मिनिटं लागतील. यात 'कोणाला विचारायची गरज नाही' हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते मेघनासाठी कमी आणि बाकी दहा जणांसाठी जास्त आहे. उद्या एखादा सीनियर म्हणाला की हे रील कोणाला विचारून टाकलं, तर तिला उत्तर द्यावं लागत नाही, ग्रुपवरच लिहिलेलं आहे. आणि 'या दोनच गोष्टी विचार' असं नेमकं सांगितलं की बाकीचं खरोखर तिचं होतं. 'काही महत्त्वाचं असेल तर विचार' असं लिहिलंत तर ती सगळंच विचारेल, कारण तुमच्या मते महत्त्वाचं काय ते तिला कसं कळणार. डिसेंबर का, तर शेवटची तारीख असली की सोडताना तोंड लपवावं लागत नाही. तारीख नसेल तर सोडणं म्हणजे राजीनामा, आणि राजीनामा देण्यापेक्षा माणसं गायब होणं पसंत करतात.

गायब होण्याबद्दल अजून एक. तीन आठवडे उत्तर नाही आलं तर चिडलेला मेल टाकू नका, 'सगळं ठीक ना, हे काम काही दिवस मी सुहासला देऊ का, तू आलीस की परत घे' असं विचारा. बऱ्याच वेळा पुढच्या पाच मिनिटांत उत्तर येतं, कारण त्या माणसाला लाज वाटत होती आणि तुम्ही त्याला दार उघडून दिलंत. काहींचं येत नाही. मग काम खरोखर दुसऱ्याला द्या, हेही ग्रुपवर सांगून.

पासवर्डचं मी मुद्दाम म्हटलं. प्रोजेक्टचं डोमेन एकाच्या क्रेडिट कार्डवर, फेसबुक पेज दुसऱ्याच्या खाजगी अकाउंटला जोडलेलं, लोगोची मूळ फाइल तिसऱ्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये, हे इतकं सर्रास आहे की कोणाला त्यात वावगं वाटत नाही. त्या माणसाचं लग्न झालं, बाळ झालं, फोन नंबर बदलला की ओटीपी कुठे जातो हे शोधत बसा. तेव्हा पासवर्ड मॅनेजरमध्ये सगळं एकत्र, प्रत्येक गोष्टीला किमान दोन माणसं, आणि टू फॅक्टरचे बॅकअप कोड त्यातच, कोणाच्या पाकिटात नको. जबाबदारी एकाची असावी, किल्ली मात्र एकाकडे नको, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि मेघनाने टाकलेलं रील तुम्हाला बघवत नसेल, म्युझिक कर्कश आहे, फॉन्ट भयानक आहे, तर? स्पेलिंग चुकलं असेल तर खाजगीत सांगा, ती दोन मिनिटांत दुरुस्त करेल. माहिती चुकीची असेल, म्हणजे अॅप आयफोनवर चालत नाही आणि तिने चालतं असं म्हटलं, तर लगेच फोन करा. बाकी फॉन्टसाठी डिसेंबरपर्यंत थांबा.